गच्चीवरच्या गावरान भाज्या आणि घरचे बी

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिका भगिनींनी मला चार गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्याकडे वीस फूट बाय पंधरा फुटांची गच्ची आहे आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. गेल्या वर्षी पाकिटातून आणलेल्या वांग्यांचे बी त्यांनी घरी धरले, तर यंदा प्रत्येक झाडाची वांगी निराळ्या रंगाची आणि आकाराची आली. वाळकाची, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या वेलफळाची, फळे कडू निघाली. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांमधील झाडे करपतात. आणि जूनमध्ये लावलेला पावटा भाद्रपद सरत आला तरी फुललेला नाही, तेव्हा तो उपटून टाकावा का, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे. दरवर्षी बी विकत न घेता, घरच्या घरी चालत राहील अशी गावरान भाज्यांची बाग त्यांना उभी करायची आहे. मी गेली बावीस वर्षे सोलापुरातच परसात आणि गच्चीवर हेच काम करीत आले आहे, म्हणून त्यांनाच उद्देशून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या चारही अडचणी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी माझ्या मते चूक आरंभाच्या क्रमात आहे. आपण आधी भाज्या निवडल्या आणि बियांचा विचार नंतर केला. गावरान बागेत हे उलटे करावे लागते. कोणत्या भाजीचे बी आपल्या जागेत शुद्ध राखता येईल हे आधी ठरवावे आणि त्यावरून काय लावायचे ते ठरवावे.

वांग्यांचे कोडे सोपे आहे. आपण आणलेल्या पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘हायब्रीड’ असे छापलेले असणार. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी एकसारखी दिसते, परंतु तिचे बी धरले की पुढच्या पिढीत दोन्हीकडचे गुण विखुरतात आणि झाडागणिक फळ बदलते. त्यात आपली काही चूक नाही. याउलट सरळ वाण आणि गावरान वाण यांचे बी, परपराग, म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग, येऊ दिला नाही, तर मायझाडासारखेच निपजते. सरळ वाण आणि गावरान वाण यांतला भेदही लक्षात घ्यावा. सरळ वाण बहुधा संशोधन केंद्रात निवडून स्थिर केलेले असतात, तर गावरान वाण एखाद्या गावात किंवा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राखलेले असतात. मी दोन्ही लावते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी हे सरळ वाण आहे, केवड्याच्या, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या, रोगाला दाद न देणारी म्हणून ती तयार केली गेली आणि तिचे बी घरी धरता येते. केवळ जुनी नाही म्हणून तिला बागेबाहेर ठेवणे मला पटत नाही.

गावरान बी दुकानात क्वचितच मिळते. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी या भागांतील आठवडी बाजारात स्वतःच्या रानातला माल घेऊन बसणाऱ्या वयस्क बायकांना विचारावे. पिकलेले पिवळे वांगे, वाळलेला दोडका किंवा पावट्याच्या वाळक्या शेंगा मागितल्या, तर पुढच्या आठवड्याला त्या आवर्जून घेऊन येतात. त्याहून खात्रीचे ठिकाण म्हणजे आपलेच माहेर, सासर किंवा आजोळ. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच घरगुती राखणीच्या बळावर. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचा लेप असलेले बी मात्र औषध लावलेले असते. ते गावरान म्हणून कोणी देऊ केले तर घेऊ नये आणि स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नये.

आता कशापासून सुरुवात करावी ते सांगते. गवार, चवळी, पावटा, मेथी आणि टोमॅटो यांची फुले बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. शेजारच्या गच्चीवर दुसरे वाण असले तरी यांचे बी फारसे बिघडत नाही. पहिल्या वर्षी एवढ्यांचेच बी धरावे. त्यातही सोलापुरात गवारीला मी पहिला मान देते. तिचे मूळ खोल जाते, ती ऊन सोसते, मुळांवरच्या गाठींतून मातीत नत्र धरते आणि कमी पाण्यावर शेंगा देते. गावरान गवारीची शेंग बारीक आणि किंचित लवदार असते. शेंगदाण्याचे कूट घालून केलेल्या तिच्या भाजीला जी चव येते, ती बाजारच्या लांब गुळगुळीत शेंगांना मला कधी सापडली नाही.

वांगी, मिरची आणि भेंडी यांच्यात स्वपराग चालतो, परंतु मधमाश्या आणि भुंगे दुसरीकडचा परागही आणून टाकतात. म्हणून या तिघांपैकी प्रत्येकाचे एका वेळी एकच वाण लावावे, किंवा बियासाठी निवडलेल्या फांदीवर फुले उमलण्यापूर्वी मलमलची सैल पिशवी बांधावी. सकाळी फांदी हलकेच हलवली की आतल्या आत फळधारणा होते. फळ सुपारीएवढे झाले की पिशवी सोडावी आणि देठाला लाल दोरा बांधावा, म्हणजे घरातील कोणी ते चुकून भाजीला तोडणार नाही.

राजगिरा, माठ आणि तांदुळजा यांचा पराग वाऱ्यावर आणि किड्यांबरोबर फिरतो, आणि पिशवी बांधून ते सांभाळणे गच्चीवर जिकिरीचे होते. यावर मी केलेली युक्ती अशी की, खाण्यासाठी सगळे लावायचे, परंतु एका वर्षी एकालाच तुऱ्यावर जाऊ द्यायचे. यंदा लाल माठ, पुढच्या वर्षी राजगिरा. नीट वाळवलेले बी तीन-चार वर्षे सहज उगवते, त्यामुळे दरवर्षी प्रत्येकाचे बी धरण्याची गरजच नसते. मात्र अशा परपरागी भाज्यांत एकाच झाडाचे बी धरू नये. किमान पंधरा-वीस झाडांचे तुरे एकत्र झोडावेत, नाही तर काही पिढ्यांत वाण खुरटत जाते.

वेलवर्गाविषयी सविस्तर बोलणे भाग आहे, कारण आपले वाळूक त्यात आहे आणि माझे एक मोठे नुकसानही त्यातच झाले. माझ्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, ज्वारीच्या आणि तुरीच्या रानात वाळकाचे वेल असत. ते बी मी लग्नानंतर सोलापुरात आणले. दोन वर्षे फळे अगदी माहेरासारखी आली. तिसऱ्या वर्षी फळांचा करकरीतपणा गेला, साल जाळीदार झाली आणि गर पिठूळ लागला. कारण शोधता शोधता कळले की, आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या परसात टाकलेल्या खरबुजाच्या बिया उगवून त्यांचे वेल फुलले होते. वाळूक, खरबूज, चिबूड आणि बांधावर आपोआप उगवणारी कडू शेंदाडी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीची भावंडे आहेत आणि त्यांचा आपसांत सहज संकर होतो. काकडी दिसायला वाळकाजवळची असली तरी वेगळ्या प्रजातीची आहे, तिच्याशी वाळकाचा संकर होत नाही. त्या वर्षी माझ्याजवळ जुने बी शिल्लक नव्हते. गावाकडे आत्याने एका मडक्यात राखेत ठेवलेले मूठभर बी होते, म्हणून ते वाण वाचले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाणाचे बी मी दुसऱ्या एका घरी ठेवायला देते.

या गोष्टीतून आपल्या कडू वाळकाचेही उत्तर मिळते. परका पराग लागल्याने त्याच वर्षीच्या फळाच्या गराची चव बदलत नाही. बदल होतो तो आतल्या बियांत, आणि तो पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसतो. तेव्हा आपल्या वेलावरची पहिल्यापासूनची सगळीच फळे कडू असतील, तर आणलेल्या बियांतच शेंदाडीचा अंश होता असे समजावे आणि ते बी टाकून द्यावे. आधीची फळे गोड आणि नंतरची कडू झाली असतील, तर उन्हाचा ताण आणि पाण्याची ओढाताण हे कारण आहे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दुधी किंवा दोडका चिरताना एक लहान फोड जिभेला लावून पाहावी, आणि कडू लागल्यास ते फळ कितीही ताजे असले तरी टाकून द्यावे. त्या कडवटपणामागचे द्रव्य विषारी असते, शिजवल्याने ते जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावलेली आहेत.

वेलभाज्यांचे शुद्ध बी हवे असेल तर हाताने परागीभवन करावे लागते, आणि त्यासाठी फुलांच्या वेळा माहीत हव्यात. भोपळा, कारले, काकडी आणि वाळूक यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला दोडक्याच्या मांडवावर पिवळी फुले उघडताना पाहणे हा माझ्या दिवसातला सर्वांत शांत वेळ असतो. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ असतो. सकाळी उमलणाऱ्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी आणि संध्याकाळी उमलणाऱ्यांच्या कळ्या दुपारी दोऱ्याने किंवा लहान पिशवीने बंद कराव्यात. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलके फिरवावा आणि मादी फूल पुन्हा झाकून ठेवावे. प्रत्येक जातीची अशी दोन-तीन फळे लागली तरी अनेक वर्षांचे बी मिळते.

बियाला कोणते फळ धरावे, याबाबत आपल्याकडे एक वाईट सवय आहे. चांगली फळे खाऊन झाली की हंगामाच्या शेवटी उरलेले वाकडेतिकडे, किडके फळ बियाला सोडले जाते. असे पाच वर्षे केले की आपण स्वतःच दुबळे वाण तयार करतो. जे झाड मे महिन्याचा ताण सोसून उभे राहिले, ज्याच्यावर मावा कमी आला, ज्याची फळे घरात सर्वांना आवडली, त्या झाडाची दुसरी-तिसरी फळे बियाला राखावीत. मोहोळच्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून चांगली कणसे निवडत निवडतच ‘मालदांडी ३५-१’ हे वाण उभे राहिले आणि आपल्या जिल्ह्याची रब्बी त्याच्यावर कितीतरी दशके चालली. गच्चीवर आपण करतो ते लहान प्रमाणावर तेच काम आहे.

वांगे झाडावरच पूर्ण पिवळे-तपकिरी होऊ द्यावे. दोडका आणि दुधी वेलावरच वाळून हलवल्यावर खुळखुळले पाहिजेत. टोमॅटोचा गर बियांसह भांड्यात ठेवून आंबवावा. आपल्या हवेत एक ते दीड दिवस पुरतो, जास्त ठेवल्यास बी तिथेच मोड धरते. धुतलेले बी सावलीत कापडावर आठवडाभर वाळवावे. एप्रिलच्या गच्चीवर तापलेल्या पत्र्यावर बी पसरू नये, कारण त्या उष्णतेने आतला कोंब मरतो आणि बी वरून मात्र उत्तम दिसते. बियातील ओल एक टक्क्याने कमी झाली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणून वाळवणीत घाई करू नये. भोपळ्याची बी वाकवल्यावर मोडली पाहिजे आणि पावट्याच्या दाण्यावर दात उमटता कामा नये. मग कागदाच्या पुडीवर वाण, वर्ष आणि झाडाविषयीची एक ओळ लिहून, ती पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी. बरणीच्या तळाशी कढईत कोरडे भाजून थंड केलेले मूठभर तांदूळ घातले की ते उरलेली ओल शोषून घेतात. शेंगवर्गीय बियांना भुंगा लागतो, त्यांना थोडे शेंगदाण्याचे तेल चोळावे किंवा चाळलेली राख मिसळावी. गॅसच्या शेगडीजवळची फळी ही बी ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे.

आता गच्ची आणि उन्हाळा. आपण संपूर्ण गच्चीवर मातीचे वाफे करण्याचा विचार लिहिला आहे, तो कृपा करून सोडावा. एक फूट खोलीच्या ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोपर्यंत जाते, आणि घरगुती इमारतीची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. ड्रम आणि मोठ्या कुंड्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात आणि मधली जागा मोकळी सोडावी.

नुसती काळी माती कुंडीत भरली की ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि मुळे तुटतात. मी एक भाग चाळलेली काळी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग हलके, भरड द्रव्य घेते. या तिसऱ्या भागासाठी भुईमुगाची कुजवलेली टरफले आपल्या शहरात सहज मिळतात, तसेच कुजलेले उसाचे पाचटही चालते. अर्धकच्चे शेणखत घालू नये, त्याबरोबर हुमणी आणि वाळवी घरात येते. आपल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात चुना जास्त असल्याने कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ती लोहाची कमतरता असते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारल्यास आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

पाण्यासाठी मडक्यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. कुंभाराकडून रंग न दिलेले, पाच लिटरचे मडके आणून मोठ्या ड्रमच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झाकणी ठेवावी आणि भोवती रोपे लावावीत. पाणी मातीला हवे तेवढेच झिरपते, मुळे मडक्याला बिलगून वाढतात, आणि नळाचे पाणी येईल त्या दिवशी मडकी भरली की हिवाळ्यात पुढच्या पाळीपर्यंत निभावते. मे महिन्यात मात्र एक दिवसाआड भरावे लागते. क्षारांनी छिद्रे बुजतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी मडके बदलावे. भाजी, तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी बागेला अवश्य द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे खारे पाणी आणि धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र कुंडीला देऊ नये, त्यातील सोडियममुळे काळी माती सिमेंटसारखी घट्ट होते.

मातीवर भुईमुगाच्या टरफलांचे दोन इंच आच्छादन बाराही महिने असावे. मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूने पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी, कारण दुपारी तीननंतरचे ऊनच झाडांना मारते. आणि हंगामाशी झगडू नये. चाळीस अंशांच्या पुढे टोमॅटोची फुले गळणारच. त्या दिवसांत गवार, घोळ, तांदुळजा आणि शेवग्याचा पाला एवढ्यावर समाधान मानावे. चाकवत, चुका, शेपू, करडईचा कोवळा पाला, मुळा आणि लसूण हे परतीच्या पावसानंतरचे, आणि सोलापूरच्या बागेचा खरा भर त्याच वेळी असतो.

किडींबद्दल थोडक्यात सांगते. गावरान वाण म्हणजे कीड लागणारच नाही, असे नाही. वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी गावरान वांग्यालाही लागते. वाकलेला शेंडा दिसताच खालून कापून नष्ट करावा. मावा आणि पांढरी माशी यांसाठी जून-जुलैमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळी-गराची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. फुले उमलण्याच्या वेळी फवारणी टाळावी, म्हणजे मधमाश्यांना त्रास होणार नाही.

राहिला पावटा. तो उपटू नये. जुना गावरान पावटा दिवसाची लांबी पाहून फुलतो. जूनमध्ये सोलापूरचा दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांच्या आसपास येतो. दिवस बारा तासांच्या खाली जाऊ लागेपर्यंत हा वेल नुसता पाने वाढवत राहतो, मग तो जूनमध्ये लावलेला असो किंवा ऑगस्टमध्ये. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस-रात्र समान होऊन गेली की कळ्यांची तयारी सुरू होते आणि बहुधा दिवाळीच्या आगेमागे जांभळट तुरे दिसू लागतात. बाराही महिने फुलणारी बुटकी वाणे अलीकडे आली आहेत, त्यांच्याशी तुलना करून आपला वेल वांझ समजू नये. आता खत देणे पूर्ण थांबवावे, पाणी थोडे कमी करावे आणि शेंडे हातभर खुडावेत, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून तुरे जास्त येतील. मांडव मजबूत करून घ्यावा, कारण हा वेल डिसेंबरात जड होतो. पहिल्या बहरातील सर्वांत निरोगी वेलाच्या पंधरा-वीस शेंगांना दोरा बांधून त्या बियासाठी वेलावरच वाळू द्याव्यात. बाकीच्या शेंगा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, भोगीच्या भाजीत घालण्याइतक्या नक्की भरलेल्या असतील.